खुर्चीतली दहा वर्षं

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. यात माझं एक उत्तर आहे, आणि ते चारचौघांनी वाचावं असं कुणालाच वाटणार नाही. पण आज रविवार. पाठ पार धरलीय. पालथा पडून अंगठ्यानं मोबाइलवर टाइप करतोय, दुसरं काही करण्यासारखं नाही, तर म्हटलं होऊन जाऊ दे. कॉलेज माझं पहिल्याच वर्षी सुटलं. नंतर जे काय शिकलो ते असंच, मोबाइलवर, पडल्या पडल्या. तेव्हा शुद्धलेखन बघू नका.

सहा वर्षं झाली त्याला.

मिरजेतलं एक हॉस्पिटल, तिसरा मजला, दुपारचे अडीच. खाटेवर तौफीक मुजावर, माझा पहिलीपासूनचा दोस्त. अंगात ताप, डाव्या हाताला सलाईन. उजव्या पायावर चादर टेकू नये म्हणून खाली लोखंडी कमान ठेवली होती. चादरीनं पाय झाकला होता, वास झाकत नव्हता. समोर डॉक्टर शिंत्रे मॅडम फाइल घेऊन उभ्या. सकाळपासून तिसऱ्यांदा त्या तेच सांगत होत्या, आणि तिसऱ्यांदाही आवाज चढवत नव्हत्या.

"पाय वाचवायची वेळ गेली, तौफीक. आता तुला वाचवायचंय. चारला थिएटर मिळतंय. त्याआधी तुझी सही हवी."

पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागणार होता. दुसऱ्या पायाचाही गुडघा चुरला होता. त्यामुळं नकली पाय बसवला तरी बराच काळ, कदाचित कायम, व्हीलचेअर लागणार, हेही मॅडमनी लपवलं नाही. आणि नाही कापला तर? विष रक्तात चढायला लागलंय, म्हणाल्या. उद्या सकाळी मी तुला विचारायला आले तर तू उत्तर द्यायच्या अवस्थेत नसशील.

तौफीक म्हणाला, "नको." आणि भिंतीकडं तोंड केलं.

तो पूर्ण शुद्धीवर होता, सव्वीस वर्षांचा होता, म्हणून त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणाची सही चालणार नव्हती. त्याची आई, शमीमचाची, मला बाहेर जिन्याशी घेऊन गेली. तिच्या मुठीत तो फॉर्म आणि पेन होतं, कागदाला घामाचे डाग पडलेले. रडून झालं होतं, आता ती नुसती हिशेबी बोलत होती. म्हणाली, "बेटा, मी विनवून थकले. तुझं ऐकतो तो. तूच सांग."

खरं तर उलटं होतं. आयुष्यभर मीच त्याचं ऐकत आलो. पोहायला त्यानं शिकवलं, कुरुंदवाडच्या घाटावरनं मागनं ढकलून. सर्व्हेच्या नोकरीचा माझा अर्जसुद्धा त्यानंच भरला. पण ते चाचीला काय सांगणार. आत गेलो, स्टूल ओढलं, तोंड उघडलं.

"तू बोलू नकोस, सुक्या," तो भिंतीकडं बघतच म्हणाला. "तुझं उत्तर आहे माझ्याकडं. मीच दाबलंय बोटानं."

कुठलं उत्तर, हे विचारायची गरज नव्हती.

आता ते सांगायलाच पाहिजे.

पुण्याची एक संस्था आमच्या भागात सर्व्हे करत होती, त्यात आम्ही दोघं मुलाखती घ्यायचो. कुठलं दुखणं माणसाला किती जड वाटतं, हे मोजायचा सर्व्हे. कुठल्या उपचाराला किती पैसा द्यायचा हे सरकारनं ठरवताना असली मोजणी कामाला येते, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. यात गंमत अशी की 'किती त्रास होतो' असं विचारायचंच नाही. निवड करायला लावायची. टॅबवर दोन आयुष्यं दाखवायची. डावीकडं ठणठणीत आयुष्य, पण कमी वर्षांचं. उजवीकडं पूर्ण दहा वर्षं, पण दुखण्यातली. कुठलं घेणार? माणूस उत्तर देईल तसतशी डावीकडची वर्षं कमीजास्त करत जायची, तो "आता दोन्ही सारखंच" म्हणेपर्यंत. ठणठणीत सहा वर्षं आणि आजारी दहा वर्षं त्याला सारखीच वाटली, म्हणजे त्या दुखण्यापायी त्यानं चार वर्षं सोडली. तेवढं त्या दुखण्याचं वजन.

नियम कडक होते. लिहिलंय तेवढंच वाचायचं. समोरच्याला तुम्हीच म्हणायचं, मग तो शेंबडा का असेना. मान डोलवायची नाही, हसायचं नाही, "बरोबर" म्हणायचं नाही. तिसरं माणूस खोलीत नको. आणि लोकांनी काही विचारलं तर स्वतःचं काही सांगायचं नाही. लोक तर सगळीकडं एकच विचारायचे. घरात कोण असेल? शिरोळच्या एका आजीनं मला विचारलेलं, ह्या तुझ्या उजवीकडच्या घरात माझी सून हाय का? असंल तर दहाची दोनच कर बाबा. त्यावर आम्ही एकच वाक्य म्हणायचं, "आता जसं आहे तसंच समजा," आणि पुढं जायचं.

सुरुवातीला एक सरावाचा प्रश्न असायचा. चाकांच्या खुर्चीचा. नुसती पद्धत समजावी म्हणून, तो मोजणीत धरतच नाहीत. सांगलीच्या ट्रेनिंगमध्ये आम्ही एकमेकांवर सराव केला. मी उत्तरं द्यायला बसलो, तौफीक विचारायला, भोवती वीसेक पोरं-पोरी. दुसऱ्याच स्क्रीनवर येतं ते. डावीकडं लगेच मृत्यू, उजवीकडं खुर्चीत दहा वर्षं. मी म्हणालो, मरण. वर म्हणालो, "दुसऱ्यानं ढकलायचं आयुष्य कोण जगतंय? त्यापेक्षा नेऊन नदीत सोडा मला." सगळे फिस्सकन हसले. तौफीक हसला नाही, नियमच होता तसा. त्यानं फक्त स्क्रीनवर बोट टेकवलं. चाळीस सेकंदांत माझं आटपलं.

घाई हा माझा रोगच. पुढच्या महिन्यात अर्जुनवाडची माझी एक मुलाखत ऑफिसनं परत पाठवली. निदान चाळीस मिनिटं लागायला हवीत, मी अकरात उरकलेली. पुन्हा घ्या म्हणाले, पण दुसऱ्या माणसानं. तौफीक म्हणाला मी जातो. वाटेत वळणावर उसाची ट्रॉली त्याच्या अंगावर कलंडली. त्या वेळी मी घरी मॅच बघत होतो.

हॉस्पिटलातल्या सहा दिवसांत त्यानं अर्जुनवाडचं नावसुद्धा काढलं नव्हतं. काढलं असतं तर बरं झालं असतं.

तर, तो भिंतीकडं तोंड करून पडलेला आणि मी स्टुलावर.

"ते ट्रेनिंग होतं लेका," मी म्हणालो. "सरावाचा प्रश्न. मोजत पण नाहीत तो."

"मी मोजला."

"चार पोरी हसाव्यात म्हणून बोललो मी."

"म्हणूनच खरं बोललास. विचार करून बोलला असतास तर चांगलं दिसायला बोलला असतास."

त्यानं मान वळवली. ओठ फुटलेले, डोळे लाल. मग हळूहळू, धाप टाकत सांगायला लागला. काल मॅडम पहिल्यांदा व्हीलचेअर म्हणाल्या, तेव्हा डोक्यात आईचा आवाज आला नाही, अल्लाचं नाव आलं नाही. माझा आवाज आला. दुसऱ्यानं ढकलायचं आयुष्य. रात्रभर तेच. "तुझ्यासारख्याला जे मरणापेक्षा वाईट वाटतं," तो म्हणाला, "ते तू मला घे म्हणून सांगायला आलास?"

मी बडबड सुरू केली. नकली पायांवर पळणारी माणसं, मोबाइलवरचे व्हिडिओ, जयसिंगपुरात कुणीतरी बसल्या जागेवर टाकलेलं दुकान. तो ऐकत राहिला. आम्ही लोकांचं ऐकायचो तसा, चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही. त्या चेहऱ्यापुढं माझं बोलणं आपोआप संपलं. भिंतीवरच्या घड्याळात तीनला पाच कमी होती.

मग तो म्हणाला, "टॅब आहे का बॅगेत?"

होता. मी फील्डवरनंच आलेलो.

"काढ. सराव लाव. मी विचारतो."

मी म्हणालो, खुळा झालास काय, ही वेळ आहे का ही. एक तास राहिलाय.

"सही पाहिजे ना तुम्हाला सगळ्यांना? मग बस समोर."

त्याच्या पोटावर उशी ठेवून टॅब टेकवून दिला. चाची दारात आली होती. त्यानं तिला घरच्या बोलीत हळूच सांगितलं, अम्मी, थोडा वक्त बाहर बैठो. ती माझ्याकडं बघत मागं सरली. तिसरं माणूस खोलीत नको. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा गाढ झोपेत होता, तो धरला नाही.

आणि तौफीकनं वाचायला सुरुवात केली. ट्रेनिंगमध्ये शिकवलेल्या त्या सपाट आवाजात. तापानं आवाज थरथरत होता, पण शब्द एकही गाळत नव्हता.

"'अ' आयुष्य. आजपासून दहा वर्षं पूर्ण निरोगी, त्यानंतर मृत्यू. 'ब' आयुष्य. आजपासून दहा वर्षं चाकांच्या खुर्चीत, त्यानंतर मृत्यू. तुम्ही कोणतं निवडाल?"

"अ."

"'अ' आयुष्य. लगेच मृत्यू. 'ब' आयुष्य. आजपासून दहा वर्षं चाकांच्या खुर्चीत, त्यानंतर मृत्यू. तुम्ही कोणतं निवडाल?"

"ब," मी फाडकन म्हणालो.

निरोगी पाच वर्षं की खुर्चीत दहा? ब. निरोगी आठ? ब. साडेनऊ? ब. मी म्हणालो, मी एक दिवस सोडत नाही जा, लिही, खुर्ची म्हणजे काहीच नाही.

त्यानं टॅब पालथा घातला.

"दीड मिनिट," तो म्हणाला. "ही पण परत येणार." आता त्याचं 'तुम्ही' गेलं होतं. "माझ्यासाठी उत्तरं देऊ नकोस, सुक्या. असल्या उत्तरांचं मी काय करू? त्या दिवशी पोरींसाठी दिलीस, आज माझ्यासाठी. तू कधी बसणार आहेस का त्या खुर्चीत?"

नर्स येऊन सलाईनची बाटली बदलून गेली. तिनं घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. सव्वातीन.

त्यानं टॅब सुलटा केला, सराव परत सुरू केला. पहिला प्रश्न. अ. मग दुसरा. तेच शब्द, तोच आवाज. लगेच मृत्यू, किंवा खुर्चीत दहा वर्षं. तुम्ही कोणतं निवडाल?

मी डोळे मिटले आणि पहिल्यांदाच, खरंच सांगतो, दीडशे माणसांना तो प्रश्न विचारून झाल्यावर पहिल्यांदाच, मी त्या खुर्चीत बसलो.

आमच्या घराला उंबरा आहे, वीतभर. तिथंच अडलो. संडास मागं, गोठ्याच्या पलीकडं, वाटेत चिखल. आई नेणार? तिचे गुडघे गेलेत. म्हणजे बाप नेणार. जो बाप माझ्याशी दिवसाला चार वाक्यं बोलतो, तो माझी चड्डी वर ओढणार. मे महिना, सगळी पोरं घाटावर, धडाधड उड्या, आणि मी वर पिंपळाखाली, सगळ्यांचे कपडे-मोबाइल राखत. कुणीतरी जाता जाता माझ्या डोक्यावर टपली मारतंय, प्रेमानं. ती प्रेमाची टपली मला सहन होईना.

आणि दाखवायला माझं बोट उचललं गेलं ते 'अ'कडं. लगेच मृत्यू.

हेच ते उत्तर, जे मी दोनदा टाइप करून पुसलं. ट्रेनिंगमधलं नाही. ते चेष्टेत होतं. हे पूर्ण विचार करून होतं, आणि समोर तो पडलेला होता.

बोट हवेतच होतं. तौफीक बघत होता. हूं नाही की चूं नाही. खरंच चांगला मुलाखत घेणारा होता तो. मी काहीही दाखवलं असतं तरी त्यानं ते घेतलं असतं, आणि पुढं त्याचं त्यानं केलं असतं.

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "घरात कोण असेल?"

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि परत बसलं. "आता जसं आहे तसंच समजा," तो म्हणाला.

आता जसं आहे तसं. आता काय होतं? आई होती, तिचे गुडघे होते. बाप होता, चार वाक्यांचा. आणि हा होता. संध्याकाळी येऊन उंबऱ्यावरून खुर्ची उचलणारा, उचलताना वजनावरून माझी लाज काढणारा. टपली मारायची तर हाच मारणार, आणि त्याला मी परत मारू शकतो, हात आहेत की. मी त्या खुर्चीत बसून ते घर परत एकदा बघितलं. मघाशी मी ते रिकामं करून बघत होतो.

"ब," मी म्हणालो. या वेळी फाडकन नाही.

त्यानं बोट टेकवलं. निरोगी पाच, की खुर्चीत दहा? बराच वेळ घेतला. ब. निरोगी आठ? अ. इथं त्याची नजर वर आली. मी अ म्हणेन असं त्याला वाटलं नसावं. सात? सात निरोगी वर्षांत काय काय होईल ते सगळं बोटांवर मोजलं. अ. सहा? ब. साडेसहा?

खाली रस्त्यावर ॲम्ब्युलन्स मागं घेत होते, तिचा पीं पीं आवाज. तो थांबला तेव्हा माझी मोजणी संपली होती.

"सारखंच," मी म्हणालो. "आता दोन्ही सारखंच."

त्यानं आकडा टाकला. टॅब बाजूला ठेवला. वीस मिनिटं झाली होती.

"साडेतीन वर्षं सोडलीस."

"सोडली."

"कशापायी?"

"पोहण्यापायी. आणि संडासला कुणी न्यावं लागू नये म्हणून."

तो हसला. सहा दिवसांत पहिल्यांदा. हसताना पायातनं कळ गेली असणार, खाटेची दांडी धरली त्यानं. "मघाशी दहाची दहा घेत होतास."

"मघाशी घाबरलेलो तुला."

"आणि आता?"

"आता पण घाबरलोय. पण साडेतीन जातात, तौफ्या. ती जातातच, त्यात खोटं नाही. साडेसहा राहतात. त्या दिवशी मी शून्य म्हणालो. ते माझं चुकलं. ते घाईतलं होतं."

तो छताकडं बघत पडून राहिला. मला वाटलं, संपलं. मी त्याला पूर्ण दहा विकू शकलो नाही, साडेसहावर आणून ठेवलं, आता कोण सही करतंय. जिभेवर आलं होतं, की साडेसहा नाही, नऊ, माझं मोजण्यात चुकलं. गिळलं.

"दहा म्हणाला असतास," तो छताकडं बघतच म्हणाला, "तर मी झोपून जाणार होतो." आणि उजवा हात पुढं केला. "अम्मीला बोलव. पेन दे."

शिंत्रे मॅडम आल्या तेव्हा चारला वीस कमी होती. त्यांच्या मागं चाची, मुठीत तो चुरगळलेला कागद. कागद मी टॅबवर ठेवून त्याच्यापुढं धरला. मॅडमनी सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. पेन कागदाच्या वर येऊन थांबलं. मॅडम थांबल्या, चाची थांबली. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

त्यानं माझ्याकडं बघितलं. आता तो सपाट आवाज नव्हता, सव्वीस वर्षांच्या घाबरलेल्या पोराचा होता.

"सुक्या. उजवीकडच्या घरात कोण असेल?"

'आता जसं आहे तसंच' हे वाक्य दातापर्यंत आलं होतं, सवयीनं. ते मागं ढकललं.

"घरचं चाची बघेल," मी म्हणालो. "मी रोज येईन असं म्हणत नाही, खोटं पडेल. पण रविवार माझा. दर रविवारी घाटावर तुला मी नेणार. ओल्या पायऱ्यांवर खुर्ची चालायची नाही, काठी चालायची नाही, तेव्हा पाठीवर घेऊन उतरणार. पाण्यात सोडला की पुढं तुझं तू, तिथं कुणाला पाय टेकतोय. आणि परत वर मीच आणणार. उन्हाळ्यात नदी खाली जाते, पायऱ्या वाढतात, तेव्हा चढताना मी तुला आयमाय करून शिव्या घालीन, त्या ऐकून घ्यायच्या. पण एक रविवार चुकवणार नाही. माझी पाठ आहे तोवर नाही."